घर बदलताना दारची जास्वंद सोबत न्या

नोकरी संपली की क्वार्टर सोडावे लागते. कुठे चाळ पाडून इमारत उभी राहते, कुठे गावाकडे दोन खोल्यांचे स्वतःचे घर होते. भांडी, कपडे, पुस्तके बांधली जातात. घरातल्या बाईने पंधरा वर्षे तांदळाचे धुवण घालून वाढवलेली जास्वंद मात्र मागे राहते. ‘एवढे झाड आता कुठे जगणार?’ असे म्हणून आपण तिला सोडून देतो. पण जास्वंद, तगर, अनंत ही झुडपे मोठी झाल्यावरही हलवता येतात. त्याला पैसा फारसा लागत नाही, आधीची तयारी लागते.

ही झुडपे बारमाही हिरवी. पानगळीच्या झाडांसारखी ती पाने टाकून विश्रांती घेत नाहीत. पानांतून पाणी सतत उडत असते आणि टोकाकडची केसासारखी बारीक मुळे ते भरून काढत असतात. झाड उपटताना नेमकी तीच मुळे तुटून मातीत राहतात. खर्च चालू आणि कमाई बंद, मग झाड मान टाकते.

म्हणून हलवण्याच्या सहा आठवडे आधी बुंध्याभोवती वर्तुळ आखावे. बुंधा एक इंच जाड असेल तर वर्तुळ सुमारे एक फूट रुंद, दोन इंच असेल तर दोन फूट. त्या रेषेवर वीतभर खोल चर खणावा. आज अर्धे वर्तुळ, उरलेले तीन आठवड्यांनी. चर मातीने भरून पाणी देत राहावे. कापलेल्या मुळांना बुंध्याजवळ नवी बारीक मुळे फुटतात, तीच पुढे झाडाला तारतात.

पावसाळ्याच्या सुरुवातीला दोन-चार चांगल्या सरी पडल्या की ढगाळ दिवस पाहून काम करावे. आधी एक तृतीयांश फांद्या छाटाव्यात. जास्वंद-तगरीच्या पेन्सिलीएवढ्या जाड काड्या वीतभर कापून मातीच्या पिशवीत लावाव्यात. मोठे झाड दगावलेच, तरी वाण राहते. कण्हेर असेल तर जपावे. तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. फांद्या मुलांपासून व शेळ्यांपासून दूर ठेवाव्यात, जाळू नयेत, हात साबणाने धुवावेत.

मुळांसकट मातीचा गोळा गोणपाटात सुतळीने घट्ट बांधावा. उचलताना बुंधा धरू नये, गोळ्याखाली हात घालावा. नवा खड्डा गोळ्याच्या दुप्पट रुंद, पण खोली तेवढीच असावी. झाड पूर्वी जितके मातीत होते तितकेच राहावे. माती दाबून भरपूर पाणी द्यावे, वर पालापाचोळा पसरावा, जुन्या साडीची सावली पंधरा दिवस करावी. महिनाभर रासायनिक खत घालू नये.

काही पाने पिवळी पडून गळतील. घाबरू नये. नखाने साल किंचित खरवडावी. आत हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे.

घर सोडण्याची मुदत उन्हाळ्यात संपत असेल, तर आदल्या पावसाळ्यातच झाड तळाला भोके पाडलेल्या ड्रममध्ये घ्यावे. निवृत्तीची तारीख आधीपासून ठाऊक असते. पेट्या शेवटच्या आठवड्यात भरता येतात, झाडाची तयारी मात्र आधीच सुरू करावी लागते.