चांचेपटांतील सांधे

इ. स. १९३६ सालीं पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीनें ‘अमर ज्योति’ नांवाचा बोलपट पडद्यावर आणला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, भाषा हिंदी, आणि नायिका सौदामिनी ही चांचे लोकांची म्होरकी. दुर्गाबाई खोटे यांनीं ही भूमिका केली. स्वतःच्या मुलाचा ताबा सौदामिनीला कायद्यानें नाकारला जातो, राणीच्या दरबारीं तिला न्याय मिळत नाहीं, आणि मग ती समुद्राचा आश्रय करून राज्याशींच वैर मांडते. जुलमी न्यायमंत्री दुर्जय तिच्या हातीं सांपडतो तेव्हां ती त्याचा जीव घेत नाहीं. त्याचा एक पाय तोडते. दुर्जयाचें काम चंद्रमोहन यांनीं केलें आहे.

श्रोतेहो, सौदामिनीच्या बंडाविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. मला बोलावयाचें आहे तें दुर्जयाच्या त्या पायाविषयीं.

आपण बोलपट पाहतों तो कथेच्या क्रमानें. पण तो त्या क्रमानें तयार होत नाहीं. जहाजाच्या तळघराचा देखावा एकदां उभा केला कीं तेथें घडणारे सगळे प्रसंग, मग ते आरंभींचे असोत कीं शेवटचे, एकामागून एक उरकून घेतात. देखावा मोडून पुन्हां उभारणें परवडत नाहीं. त्यामुळें ज्या नटाचा पाय कथेंत तुटला आहे तो सकाळीं एका पायावर लंगडतो, आणि दुपारीं, पाय तुटण्यापूर्वींचा प्रसंग घ्यावयाचा म्हणून, दोन्ही पायांवर ताठ उभा राहतो. पंधरा दिवसांनीं पुन्हां लंगडावयाची वेळ येते. तेव्हां कोणता पाय तुटला होता? कुबडी कोणत्या काखेंत होती? दुमडलेल्या धोतराचा किंवा अंगरख्याचा घोळ कोणत्या बाजूला होता? हें नटानें लक्षांत ठेवावें अशी अपेक्षा करणें व्यर्थ आहे. त्याला आपलें बोलणें आणि आपला राग सांभाळावयाचा असतो. म्हणून प्रत्येक चित्रीकरणाच्या वेळीं कोणीतरी एक जण वही घेऊन बसलेला असतो, आणि तो हें सारें टिपून ठेवतो. स्टुडिओंतले लोक या कामाला ‘कंटिन्युइटी’ म्हणतात. आपण त्याला सलगता म्हणूं. पूर्वीं या कामाला वही आणि स्मरणशक्ति एवढींच साधनें होतीं. पुढें लगेच छापून निघणारीं छायाचित्रें आलीं, आणि आतां तर टिपलेला तुकडा तेथल्या तेथें पुन्हां पाहतां येतो. तरी चुका होतातच.

चांच्याचा पाय ही जुनी परीक्षा आहे. स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’ या कादंबरींत लाँग जॉन सिल्व्हरचा डावा पाय मांडीपासून तुटलेला आहे. १९५० सालीं त्या कथेवर निघालेल्या डिस्नेच्या चित्रपटांत रॉबर्ट न्यूटन यानें ती भूमिका केली. दोन पायांच्या नटानें एका पायाचा माणूस उभा करावयाचा म्हणजे पाय मागें दुमडून बांधावा लागतो, आणि बांधलेला पाय लपविण्यासाठीं कॅमेऱ्याची जागा व कपड्यांची ठेवण यांचा फार विचार करावा लागतो. येथें एक बोटभर चूक झाली तर प्रेक्षक ती क्षमा करीत नाहीं. खोलींतली सुरई डाव्या बाजूची उजव्या बाजूला गेली तर ती कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं. पाय मात्र कथेचा कणा आहे. तो बदलला कीं सौदामिनीचा सूडच खोटा पडतो. सलगतेच्या चुकांना सारखेंच महत्त्व देऊं नये असें मला वाटतें तें याचसाठीं.

आपल्याकडे शरीराच्या सलगतेची गंमत फार आधीं घडून गेली. दादासाहेब फाळके यांच्या १९१७ सालच्या ‘लंकादहन’ या मूकपटांत अण्णा साळुंके या नटानें राम आणि सीता हीं दोन्हीं कामें केलीं. म्हणजे रामाचा दंड आणि सीतेचा दंड एकच! त्या काळीं कुलीन स्त्रिया कॅमेऱ्यापुढें येत नसत, म्हणून हा उपाय करावा लागला. प्रेक्षकांनीं तो खुशाल मान्य केला, कारण नाटकांतल्या स्त्रीपार्टाची त्यांना संवय होती. पुढें एकोणीस वर्षांनीं त्याच महाराष्ट्रांत दुर्गाबाईंसारख्या घरंदाज स्त्रीनें हातांत शस्त्र घेऊन चांच्यांची म्होरकी व्हावें, हें अंतर लहान नाहीं. पण हें विषयांतर झालें.

समुद्रावरच्या कथेंत चुका अधिक कां होतात? कारण तेथें स्थिर असें कांहींच नसतें. माणूस पाण्यांतून वर ओढला गेला तर तो भिजलेला असला पाहिजे. पण दिवे, कॅमेरा आणि पुढच्या तुकड्याची तयारी होईपर्यंत अंगावरचे कपडे सुकूं लागतात, आणि मग बादलीनें पुन्हां पाणी ओतावें लागतें. त्यामुळें एका तुकड्यांत केस कपाळाला चिकटलेले आणि दुसऱ्यांत नुसतेच दमट असे दिसतात. मेणबत्ती अशीच फितूर असते: संभाषण दोन मिनिटांचें, पण तें टिपावयास चार तास लागलेले, म्हणून मधल्याच एका वाक्याला ती आंखूड आणि पुढच्या वाक्याला पुन्हां लांब होते. जखमेचें तर विचारूंच नका. गालावरचा रक्ताचा ओघळ रोज नव्यानें रंगवावा लागतो.

सावलीच्या बाबतींत मात्र घाई करूं नये. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाची सावली क्षणांत डावीकडून उजवीकडे गेली तर चूक नक्की. पण जहाज वळतें! जहाज वळलें कीं डेकवरच्या साऱ्या सावल्या वळतात, आणि त्यांत कोणाचीहि चूक नसते. तेव्हां सावली बदललेली दिसल्यास जहाजाच्या मागें पाण्यांत उमटलेली रेघ पाहावी. ती वांकडी असेल तर जहाज वळलें आहे. सरळ असेल तर सकाळचा तुकडा दुपारच्या तुकड्याला जोडला आहे असें खुशाल समजावें.

वाऱ्याचा पुरावा याहूनहि चोख असतो. शीड भरतें तें मागून येणाऱ्या वाऱ्यानें. तोच वारा डोलकाठीच्या टोंकावरच्या निशाणालाहि लागतो. मग शिडें पुढच्या बाजूला फुगलेलीं असतांना निशाण सरळ मागें कसें फडकेल? तें पुढें तरी फडकलें पाहिजे, नाहीं तर एका अंगाला तरी. तसें नसेल तर तें जहाज वाऱ्यानें चाललेलेंच नाहीं. त्याच्या पोटांत यंत्र आहे, किंवा तें स्टुडिओंत उभें असून पंखा चुकीच्या जागीं ठेवला आहे. ही काटेकोरपणें बोलावयाचें तर सलगतेची चूक नव्हे, निसर्गनियमाची चूक आहे. पण एका तुकड्यांत निशाण पुढें आणि दुसऱ्यांत मागें असें झालें कीं ती दोन्हीं होते.

कोणी म्हणेल कीं हें कोंकणांतल्या तांडेलाला कळेल, घाटावरच्याला काय? परभणी जिल्ह्यांतलें मानवत घ्या. कापसाच्या बाजाराचें गांव. समुद्र तेथून शेंकडों मैल दूर. तेथल्या पुष्कळांनीं भरती-ओहोटी डोळ्यांनीं पाहिली नसेल. पण ज्यानें खळ्यावर तिवईवर उभें राहून धान्य उफणलें आहे त्याला वारा कोणत्या अंगानें वाहतो हें शिकवावें लागत नाहीं. दाणा पायाशीं आणि भुसा वाऱ्याबरोबर जातो, आणि भुशाच्या जागीं निशाण धरलें म्हणजे झालें. चूक पकडावयास समुद्र पाहिलेला असण्याची गरज नाहीं.

दिशेविषयीं थोडेंसेंच सांगतों. राणीचें जहाज डावीकडून उजवीकडे जात असेल आणि चांच्यांचेंहि तसेंच, तर तो पाठलाग. एक डावीकडून व एक उजवीकडून येत असेल तर ती टक्कर. कॅमेरा मध्येंच जहाजाच्या दुसऱ्या बाजूला नेला तर पाठलाग करणारें जहाज पळून जातांना दिसूं लागतें, आणि प्रेक्षक गोंधळतो. कां गोंधळलों तें मात्र त्याला सांगतां येत नाहीं.

आतां जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते तिच्याकडे वळतों. पडद्यावर दिसणारी प्रत्येक उडी ही चित्रपट करणाऱ्याची चूक नसते. बोलपटाची फीत सेकंदाला चोवीस चित्रें या गतीनें चालते, आणि एका फुटांत सोळा चित्रें मावतात. मराठवाड्यांत गांवोगांवीं फिरत्या सिनेमांचे तंबू पडत, त्या काळीं एकच प्रत या गांवाहून त्या गांवाला जाई. यंत्रांत फीत अडके, तुटे, आणि चालक फाटका भाग कापून दोन टोंकें चिकटवून देई. तीन फूट फीत गेली म्हणजे दोन सेकंद गेले. दोन सेकंदांत तलवार म्यानांतून निघून शत्रूच्या गळ्याशीं येते! शेवटच्या गांवांतला प्रेक्षक म्हणतो कीं दिग्दर्शकाला तलवार उपसण्याचें दृश्य घेण्याचें भान राहिलें नाहीं. वास्तविक तें दृश्य मागल्या एखाद्या गांवीं केराच्या टोपलींत पडलेलें असतें.

मग खरी चूक आणि फाटलेली फीत यांत भेद कसा करावा? कान द्यावा. फितीवर आवाज हा त्याच्या चित्रासमोरच छापलेला नसतो. तो सुमारें वीस चित्रें पुढें असतो, कारण यंत्रांत चित्राची खिडकी आधीं आणि आवाज वाचणारा भाग नंतर येतो. म्हणून तुटून जोडलेला सांधा आला कीं प्रथम चित्र उडी मारतें, आणि सेकंदाहून थोडा कमी वेळ गेल्यावर आवाज तुटतो. शब्द अर्धा राहतो, वाद्याचा सूर मोडतो. उलट दिग्दर्शकाच्या हातून सलगता सुटली असेल तर चित्रांत कुबडी डावीकडची उजवीकडे जाईल, पण त्याखालचें संगीत अखंड वाहत राहील. जुन्या प्रतीवरून अलीकडे केलेल्या नकलांतहि ही खूण बहुधा शिल्लक राहते, कारण नक्कल करणारा तुटका शब्द कोठून भरून काढणार?

ही खूण सांगण्याचें कारण आहे. प्रभात ही कंपनी १९२९ सालीं कोल्हापुरांत निघाली आणि १९३३ सालीं पुण्यास आली. दामले, फत्तेलाल यांच्यासारखे कारागीर तेथें होते, आणि त्यांच्या देखाव्यांतला खांबसुद्धां विचार करून उभा केलेला असे. त्यांच्यापैकीं कोणी आज उत्तर द्यावयास नाहीं. मूळ फिती नायट्रेटच्या, म्हणजे ज्वालाग्राही. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ सालीं पुण्यांत स्थापन झालें, तोंवर कित्येक चित्रपट नाहींसे झाले होते. आणि २००३ च्या जानेवारींत संग्रहालयाच्या नायट्रेट फितींना आग लागून शेंकडों चित्रपटांचीं रिळें जळालीं. जें उरलें आहे तें बऱ्याच ठिकाणीं असेंच तुकडे जोडलेलें आहे. त्या तुकड्यांतली प्रत्येक खोंच कारागिराच्या नांवावर मांडली तर तो अन्याय होईल.

हंसण्याजोग्या चुका निराळ्या. २००३ सालच्या ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ या हॉलीवुडच्या चित्रपटांत, चांच्यांच्या जहाजावर, पडद्याच्या अगदीं कडेला, काळा चष्मा आणि रुंद कांठाची टोपी घातलेला चित्रीकरणाच्या मंडळींतला एक माणूस शांतपणें समुद्राकडे पाहत उभा आहे. एवढ्या खर्चाच्या चित्रपटांत शेंकडों डोळ्यांखालून तो सुटला! त्याचें कोणाला वाईट वाटण्याचें कारण नाहीं.

‘अमर ज्योति’ पाहण्याचा योग आला तर पहिल्या वेळीं कांहीं शोधूं नका, कथा पाहा. दुसऱ्या वेळीं एकच वस्तु निवडा आणि शेवटपर्यंत तिच्यावरच नजर ठेवा. सगळें एकदम पाहूं म्हटलें तर कांहींच हातीं लागत नाहीं. मी असतों तर दुर्जयाची कुबडी निवडली असती, आणि ती ज्या ज्या वेळीं हलली त्या त्या वेळीं डोळे मिटून आधीं संगीत ऐकलें असतें.