खडकावर आणलेली माती

मिलानच्या मुख्य स्थानकातून आल्प्सच्या दिशेने सुटलेली गाडी साधारण तासाभरात स्ट्रेसा या गावी पोचते. स्थानकातून उतरणीच्या रस्त्याने खाली आलं की लागो माज्जोरे या सरोवराचा काठ लागतो आणि समोर बोर्रोमेओ बेटं दिसतात. सर्वांत जवळचं बेट काठापासून जेमतेम चारशे मीटरवर आहे. सहलींच्या बसमधून येणारी मंडळी तीन-चार तासांत तिन्ही बेटं उरकून परत जातात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की या बेटांना शनिवार-रविवार असे पुरते दोन दिवस द्यावेत. इथली शोभा निसर्गाने आयती दिलेली नाही. ती माणसांनी चारशे-पाचशे वर्षं राबून उभी केली आहे, आणि ते राबणं घाईत दिसत नाही.

आधी सरोवराविषयी. गार्दाखालोखाल इटलीतलं हे दुसरं मोठं सरोवर. क्षेत्रफळ सुमारे २१२ चौरस किलोमीटर. त्याचा चार पंचमांश भाग इटलीत आणि उत्तरेकडचं टोक स्वित्झर्लंडच्या तिचिनो प्रांतात. हिमनद्यांनी कोरलेल्या दरीत पाणी साचून ते तयार झालं. पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून १९३ मीटर उंच, पण खोली सुमारे ३७० मीटर. म्हणजे सरोवराचा तळ समुद्राच्याही खाली गेलेला आहे. एवढं पाणी उन्हाळाभर ऊब साठवतं आणि हिवाळ्यात हळूहळू सोडतं. उत्तरेचे गार वारे आल्प्स अडवतो. म्हणून बर्फाच्छादित शिखरांच्या पायथ्याशी लिंबं, कमेलिया आणि ताडवर्गातली झाडं वाढतात.

शनिवार सकाळ : इझोला बेल्ला

सतराव्या शतकाच्या आरंभी हे बेट म्हणजे एक उघडा खडक आणि त्यावरची कोळ्यांची वस्ती होती. बोर्रोमेओ हे सावकारीतून वर आलेलं मिलानचं सरदार घराणं. त्यातल्या तिसऱ्या कार्लोने १६३२ मध्ये इथे वाड्याचं काम काढलं आणि बेटाला आपल्या पत्नीचं, इसाबेलाचं नाव दिलं. पुढच्या पिढीत सहाव्या व्हितालियानोने बागेचा घाट घातला. खडकावर झाड लागणार कसं? काठावरची माती होड्यांमधून वाहून आणली आणि एकावर एक दहा टप्पे चढवले. १६७१ मध्ये बाग तयार झाली. सर्वांत वर घराण्याचं चिन्ह असलेल्या एकशिंगी घोड्याचा पुतळा आहे, खालच्या हिरवळीवर पांढरे मोर फिरतात. आवारात कापराचं एक अवाढव्य झाड आहे. ज्याचा कापूर आपण आरतीच्या ताटात लावतो, त्या जातीचं झाड आल्प्सच्या पायथ्याशी इतकं फोफावलेलं पाहून त्या ऊबदार पाण्याचा गुण पटतो.

वाड्याच्या तळमजल्यावर सहा दालनं गोट्यांनी मढवलेली आहेत. भिंती, कमानी, छत, सगळीकडे काळे-पांढरे खडे बसवून नक्षी केली आहे. उन्हाच्या काहिलीत धन्याला पाण्यालगत गारव्यात बसता यावं म्हणून हा खटाटोप. १७९७ मध्ये नेपोलियन आणि जोसेफीन इथे उतरले होते. एप्रिल १९३५ मध्ये वाड्याच्या संगीतदालनात मुसोलिनी आणि ब्रिटन-फ्रान्सचे पंतप्रधान एकत्र बसले आणि हिटलरच्या शस्त्रसज्जतेविरुद्ध एकजुटीचं निवेदन निघालं. त्याच वर्षी ऑक्टोबरात इटलीने इथिओपियावर स्वारी केली आणि ती एकजूट मोडली. वाड्याचं मोठं दालन मात्र मूळ आराखड्याबरहुकूम पुरं व्हायला विसावं शतक अर्धं उलटावं लागलं.

शनिवार संध्याकाळ : कोळ्यांचं बेट

इझोला देई पेस्कातोरी, म्हणजे कोळ्यांचं बेट, बारमाही वस्ती असलेलं आहे. लांबी साडेतीनशे मीटरच्या आसपास, रुंदी शंभराच्या. एका अरुंद गल्लीच्या दोहों बाजूंना दाटीवाटीने घरं आणि प्रत्येक मजल्याला लांबलचक सज्जे. हे सज्जे मासळी वाळवण्यासाठी बांधले. आज इथे बारमाही राहणारी माणसं मोजकी आहेत आणि मासेमारीवर पोट असणारी घरं त्याहून थोडी.

सरोवराशी सलोखा ठेवणं इथे सोपं नाही. शरदात भूमध्य समुद्रावरून आलेले ढग आल्प्सला अडतात आणि आपल्या घाटमाथ्यावर कोसळावा तसा पाऊस दऱ्यांमध्ये कोसळतो. सगळं पाणी सरोवरात उतरतं, बाहेर पडायला मात्र तिचिनो नदीचं एकच तोंड. ऑक्टोबर २००० मध्ये पातळी कित्येक मीटर चढली होती. दुसरं संकट माणसाने आणलं. तोचे नदीकाठच्या एका रासायनिक कारखान्यातून झिरपलेलं डीडीटी सरोवराच्या माशांमध्ये असल्याचं १९९६ मध्ये उघड झालं आणि काही जातींची मासेमारी अनेक वर्षं बंद राहिली. बागांवर पिढ्यान्‌पिढ्या खर्च झाला, पण कोळ्याचं उत्पन्न पाण्याच्या शुद्धतेवरच टिकतं.

तरीही १५ ऑगस्टला मेरीमातेची मूर्ती दिव्यांनी सजवलेल्या होड्यांच्या मिरवणुकीतून बेटांभोवती फिरते. रात्रीच्या जेवणाला इथेच थांबावं आणि पेर्सिको या माशाच्या तुकड्यांसोबतचा लोण्यातला भात, रिसोत्तो, मागवावा.

रविवार : इझोला माद्रे

हे सर्वांत मोठं आणि सर्वांत निवांत बेट. सुमारे आठ हेक्टरांपैकी बहुतेक जागा झाडांनी व्यापलेली आहे. वाड्यात घराण्याच्या कळसूत्री बाहुल्यांची रंगभूमी जपली आहे. मिलानच्या ला स्काला नाट्यगृहाचे नेपथ्यकार सांक्विरिको यांनी तिचे देखावे केले होते.

वाड्यापुढच्या चौकात काश्मिरी सरू म्हणून ओळखला जाणारा वृक्ष उभा आहे. हिमालयातून आलेल्या बियांपासून तो १८६२ मध्ये इथे लावला. निळसर-राखाडी पानांच्या त्याच्या झुबकेदार फांद्या थेट खाली लोंबतात. जून २००६ मध्ये वावटळीने तो मुळासकट आडवा केला. बागेच्या लोकांनी त्याला सरपण होऊ दिलं नाही. क्रेन आणून तो उभा केला, पोलादी तारांनी चारी बाजूंनी बांधला, मुळं पुन्हा धरेपर्यंत निगा राखली. तारा आजही दिसतात. त्या झाकल्या नाहीत, हे मला फार आवडलं.

परतीच्या बोटीतून पश्चिमेला गुलाबी ग्रॅनाइटसाठी प्रसिद्ध असलेले बावेनोचे डोंगर दिसतात. मिलानच्या कथीड्रलचा संगमरवरही याच बाजूच्या कांदोल्याच्या खाणीतला. तो शतकानुशतकं तोचे नदी, हे सरोवर, तिचिनो नदी आणि नाविल्यो कालवा अशा जलमार्गाने मिलानला गेला. ज्या पाण्याने बेटावर माती आणली, त्याच पाण्याने शहराला दगड पुरवला.

जायचंच तर एप्रिल-मे उत्तम. तेव्हा अझेलिया फुललेले असतात. हिवाळ्यात वाडे बंद असतात. काठावरच्या नाक्यांवरून सार्वजनिक बोटी नियमित सुटतात. दिवसभराचं तिकीट घेतलं की हवं तिथे उतरता-चढता येतं. जमल्यास एक रात्र कोळ्यांच्या बेटावरच काढावी. तिथली खानावळ, तिथली मासळी, तिथला मुक्काम यांवर खर्च केलेला पैसा बेटावर घर टिकवून असलेल्या माणसांपर्यंत पोचतो. वाडे सांभाळायला घराणं समर्थ आहे. वस्ती टिकवायला मात्र पाहुण्यांचा हातभार लागतो, आणि वस्ती उठली तर उरलेली दोन बेटं नुसती संग्रहालयं होतील.