ताई, याला घाम येतो का?

लातूर-नांदेडकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशीपार गेला की तापाची लेकरं दवाखान्यात येतातच. त्यांतलं एखादं वेगळं निघतं. तपासण्या ठीक, तापाचं औषध लागू पडत नाही. पण सावलीत घेऊन ओल्या फडक्याने अंग पुसलं की ताप उतरतो. कारण बहुधा पुढे दंतविभागात कळतं, तेही दात येत नाहीत म्हणून.

डॉक्टर पोराचा ओठ वर करतात. वर दोनच दात, निमुळते, टोकदार. खालची हिरडी रिकामी आणि सुरीच्या पात्यासारखी बारीक. एक्स-रेत जबड्याच्या आतही दाताचा कोंब नाही. केस विरळ, भुवया नावाला.

"ताई, याला घाम येतो का?"

"न्हाई. माझ्या भावालाबी असंच हाय."

आता डॉक्टर आईलाच तोंड उघडायला सांगतात. तिचा समोरचा एक दात बारीक खुंटीएवढा, एक आलेलाच नाही. निदान इथे पक्कं होत जातं: एक्टोडर्मल डिस्प्लेशिया, म्हणजे केस, दात, घामाच्या ग्रंथी जन्मतःच नीट न घडणं. डार्विनने 1875मध्ये सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाची नोंद केली होती. चार पिढ्यांतल्या दहा पुरुषांना हाच त्रास, बायका मात्र धडधाकट. त्यामागचं ईडीए जनुक 1996मध्ये सापडलं. ते एक्स गुणसूत्रावर असतं. वाहक आईच्या प्रत्येक मुलाला आजाराची शक्यता निम्मी. मुलगी निम्म्या शक्यतेने वाहक.

"नात्यात सोयरीक केली म्हणून झालं का?"

"या प्रकारात तसं नसतं, ताई. यात कुणाचाच दोष नाही."

शंका राहिलीच तर पाठीला आयोडीन लावून वाळवतात, वर स्टार्चची पूड भुरभुरतात. घाम फुटेल तिथे पूड निळी-काळी होते. पोराची पाठ तशीच राहते. आईच्या पाठीवर मात्र निळ्या-काळ्या पट्ट्यांमध्ये कोऱ्या जागा उरतात. क्लाउस्टन या दुसऱ्या प्रकारात केस आणि नखं बिघडतात, दात व घाम बहुतेक ठीक असतात. म्हणून घामाचा प्रश्न टाळून चालत नाही.

तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून कवळी बसवता येते. जबडा वाढेल तशी ती बदलावी लागते; इम्प्लांटचा विचार साधारणपणे वाढ थांबल्यावर. अशा बारीक हिरडीवर कवळी टिकवणं हेच कसब. पण आज केसपेपरवर डॉक्टर आधी शाळेच्या बाईंसाठी चिठ्ठी लिहितात: पंख्याखाली बसवा, पाणी हवं तेव्हा प्यायला द्या, सदरा ओला करू द्या, दुपारी मैदानावर पाठवू नका. कवळीचं माप पुढच्या खेपेला घेतलं तरी चालेल. ऊन तोवर थांबणार नाही.