बातमी ऐकून झाली, आता चहा घ्या



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. बचत गोळा झाली, हप्ते भरून झाले, सचिवताई इतिवृत्त वाचायला लागल्या आणि तेवढ्यात कुणाच्या तरी फोनवर गारपिटीचा व्हिडिओ आला. अर्ध्या तासात तोच व्हिडिओ आणखी चौघींच्या फोनवर. गाव कुठलं, तालुका कुठला, यंदाचा की मागच्या सालचा, काही कळेना. पण बैठकीचा नूरच पालटला. एकजण म्हणाली, "आता आपलंबी असंच व्हणार." दुसरीनं तर कर्जाची मागणीच मागं घेतली. शेळ्या घ्यायच्या होत्या तिला. त्या गारपिटीचा आणि हिच्या शेळ्यांचा तसा काही संबंध नव्हता.

तिला हसू नका. आपल्या सगळ्यांचं असंच होतं. मनाची घडणच अशी आहे की ते गोडापेक्षा धोक्याकडे आधी धावतं. अंगणात दहा चिमण्या असल्या आणि एक साप निघाला, तर रात्री आठवतो तो सापच. त्यात फोन तोच साप पाच वेळा दाखवतो. गार एकदाच पडलेली असते, पण आपल्या मनात ती पाच वेळा पडते.

आणखी एक फरक आहे. पूर्वी वाईट बातमी गावातच यायची, पाणवठ्यावर कळायची. कुणाच्या घरी दुःख झालं की बायका घरी जाऊन भाकरी थापायच्या आणि त्या घरी नेऊन द्यायच्या. बातमीबरोबर हाताला कामही यायचं. आता बातमी येते कुठल्या तरी लांबच्या राज्यातून, लढाईच्या देशातून. तिथं आपली भाकरी पोचत नाही. हात रिकामे राहतात आणि मन मात्र जड होतं.

म्हणून बातमी दोन पाट्यांत टाकायची. हाताला काम देणारी एका पाटीत. हवामान, विजेचा इशारा, बाजारभाव, योजनेची शेवटची तारीख. ही बातमी चुकवायची नाही. हवामान आणि पिकाचा सल्ला 'मेघदूत' ॲपवर मराठीत मिळतो, आसपास वीज पडण्याचा धोका 'दामिनी' ॲप सांगतं. पावसापाण्याच्या दिवसांत विजेचा इशारा तर कधीही आला तरी बघायचा. बाकीचं सकाळी एकदा पाहायचं, घरात सांगायचं आणि फोन ठेवायचा. ज्या बातमीवर आपल्याला काहीच करता येत नाही ती दुसऱ्या पाटीत. दिवसातून एकदा ऐकली तरी पुष्कळ. व्हॉट्सॲपवर संदेशाच्या वर दोन बाण दिसले तर समजायचं, हा पुष्कळ हातांतून फिरून आलाय. खरं-खोटं कळेपर्यंत आपण तो पुढे ढकलायचा नाही.

एवढं केलं की थोडा वेळ उरतो. त्या वेळात काय करायचं, हा खरा अवघड भाग. मी त्या बैठकीत म्हटलं, "दिवसातून एक गोष्ट स्वतःच्या आवडीची करा." तर एक वहिनी पटकन म्हणाल्या, "ताई, सोयाबीनला भाव नाही, अन् मी तुळशीपाशी बसून च्या पित बसू? लोक काय म्हणतील?"

आपलं घोडं इथंच अडतं. घरात अडचण असताना बाईनं हसलं, गजरा माळला, निवांत बसली, तर तिला काळजीच नाही असं धरतात. लोकांचं सोडा, आपण स्वतःच तसं धरतो. पण त्या वहिनींनी चहा नाही पिला म्हणून सोयाबीनचा भाव काही वाढत नाही. उलट रोज असं आक्रसून बसलं की माणूस एकेक गोष्ट सोडत जातं. आधी शेजारी जाणं, मग वेणीफणी, मग बैठक. सोडलं की आणखी उदास वाटतं आणि उदास वाटलं की आणखी सुटतं.

हे चक्र उलटं फिरवता येतं, ते गोव्यात करून पाहिलंय. तिथल्या 'संगत' संस्थेनं सरकारी आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, खूप उदास झालेल्या लोकांबरोबर काम केलं. समजावायला मानसोपचारतज्ज्ञ नव्हते; आपल्या सीआरपीसारखीच, थोडं प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं होती. सहा ते आठ भेटी. पूर्वी काय आवडायचं ते विचारायचं, त्यातलं एखादं छोटं काम ठरवायचं आणि मन लागो न लागो, ते करायचं. मन आधी बरं होईल मग करू, असं नाही. आधी करायचं, मन मागनं येतं. तीन महिन्यांनी पाहिलं, तर नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांपेक्षा यांच्यातली जास्त माणसं सावरली होती. हा अभ्यास २०१७ साली 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या नामांकित नियतकालिकात छापून आला.

आपल्या आज्यांना हे वाचून नवल वाटलं नसतं. जात्यावर बसलं की ओवी यायचीच. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आता त्या 'पारी'च्या वेबसाइटवर वाचायला आणि ऐकायला मिळतात. त्यात भाऊ आहे, विठ्ठल आहे, आणि सासुरवासही आहे. म्हणजे दुःख लपवलेलं नाही. पण हात चालू, गळा चालू, आणि शेवटी पीठ तयार. (जातं परत आणा असं मी म्हणत नाही. गिरणी आली ते फार बरं झालं, पहाटे उठून दळलेल्या कुठल्याही आजीला विचारा.)

त्या दिवशी बैठकीत शेवटी सगळ्यांना विचारलं, तुम्हाला काय आवडतं? आधी सगळ्या गप्प. मग एकीनं सांगितलं, सकाळी खुराडं उघडल्यावर कोंबड्या धडपडत बाहेर येतात ते बघायला. दुसरी म्हणाली, रविवारी न्हाऊन उन्हात केस वाळवायला, कुणी हाक मारली नाही तर. एका आजींना परसबागेतली पहिली भेंडी कच्चीच खायला आवडते. त्यांना वाटलं होतं हे सांगायची लाज वाटेल, पण सगळ्या हसल्या आणि तिघींनी "मीबी खाते" म्हटलं. तुळशीपाशी चहा नको म्हणणाऱ्या वहिनी फुगडी छान घालतात, हे मला तेव्हाच कळलं.

यात पैसा लागत नाही, पण वेळ ठरलेली लागते. "जमलं तर" म्हटलं की बाईला कधीच जमत नाही. आणि त्या वेळी फोन घरात ठेवायचा.

यानं कर्ज फिटत नाही, हेही स्पष्ट सांगते. पीकविमा, भाव, पाणी यांसाठी भांडायचंय तिथं भांडायचंच. त्याला अंगात बळ लागतं. आणि काहींचं दुखणं चहाच्या पलीकडचं असतं. दोन आठवडे झाले तरी रोज उदास वाटतंय, झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, तर सरकारच्या 'टेली मानस'ला १४४१६ वर फोन करा. चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. कुणी मरणाची भाषा करत असेल, बाई असो की गडी, तर त्याला एकटं सोडू नका आणि घरातलं फवारणीचं औषध कुलपात ठेवा. किल्ली आपल्याकडे.

तुमच्या गटात कुणाला काय आवडतं, ते पुढच्या बैठकीत विचारा आणि लिहून सीआरपीकडे द्या. पुढच्या अंकात छापू. त्या गटात आता बैठक सुरू होताना सगळे फोन एका टोपलीत ठेवतात. शेळ्यांची मागणी अजून परत आलेली नाही. येत्या शुक्रवारी जाणार आहे, तेव्हा विचारीन.