घाटातले ओझे : कोणी किती घ्यावे?

कोल्हापूरहून गगनबावड्याला जायचे, करूळ घाट उतरून वैभववाडीला मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच घाटाने सायकली चढवत परत यायचे, असा दिवाळीच्या सुट्टीतला बेत माझ्या भावाच्या तीन मुलांनी आखला. तंबू, पांघरुणे, भांडी, शिधा आणि पंक्चरचे साहित्य मिळून सामान भरले २४ किलो. आईने निकाल दिला, "प्रत्येकानं आठ-आठ किलो घ्या, भांडण नको." हा न्याय वरवर चोख वाटतो. घाटात तो टिकतो का, हे पाहू.

आधी सपाट रस्ता घेऊ. ताशी १८ किलोमीटर वेगाने जाताना आपली शक्ती मुख्यतः दोन ठिकाणी खर्च होते. एक, समोरची हवा बाजूला सारण्यात. दुसरे, टायर रस्त्यावर सतत दबत राहिल्याने होणाऱ्या विरोधात. ओझ्याचा संबंध फक्त दुसऱ्याशी. आठ किलो सामानामुळे या वेगाला जेमतेम ४ वॉट जास्त लागतात. म्हणून गगनबावड्याकडच्या ५५ किलोमीटरच्या रस्त्यावर, घाटमाथ्याजवळचे चढ सोडले तर, सामान कोणाकडे किती आहे याने फारसे बिघडत नाही.

चढावर चित्र पालटते. वेग कमी असल्याने हवेचा विरोध नगण्य होतो आणि जवळजवळ सारी शक्ती वजन वर उचलण्यात जाते. हे वजन सामानाचे, सायकलचे आणि स्वतःचेही. त्यामुळे कोण किती वेगाने चढेल हे नुसत्या शक्तीवर ठरत नाही. शक्तीला एकूण वजनाने भागून जे उत्तर येते, त्यावर ठरते.

थोरला ७० किलोचा, ताई ५२ किलोची, धाकटा ४४ किलोचा. प्रत्येक सायकल २० किलोची. तासभर टिकेल अशी शक्ती अनुक्रमे १४०, १०० आणि ८० वॉट. (हे आकडे कसे काढायचे ते पुढे सांगतो.) घाटाची उंची ५०० मीटर, रस्ता १० किलोमीटर धरू आणि शक्तीचा सहावा हिस्सा टायर, साखळी वगैरेंत वाया जातो असे मानू. सामान सारखे वाटले तर थोरला ६९ मिनिटांत माथ्यावर पोचतो, ताई ७९ आणि धाकटा ८९ मिनिटांत. थोरला वर वीस मिनिटे गार होत बसणार आणि धाकटा एकटाच, सर्वांत दमलेला, मागून येणार. वळणावळणाच्या घाटात ट्रक-बसची ये-जा असताना हे बरे नव्हे.

तिघांनी बरोबर पोचायचे असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला दर किलोमागे सारखेच वॉट यायला हवेत. एकूण शक्ती ३२० वॉट, एकूण वजन २५० किलो, म्हणजे दर किलोला १.२८ वॉट. यावरून थोरल्याचे एकूण वजन १०९ किलो हवे. त्यातून त्याचे व सायकलचे ९० वजा करता सामान १९ किलो. ताईला ६. आणि धाकट्याला? उणे दीड किलो! गणितातले हे ऋण उत्तर निरर्थक नाही. धाकट्याने काहीही घेऊ नये, उलट त्यालाच थोडा हात द्यावा, असे ते सांगते. त्याला रिकामे ठेवून साडेअठरा आणि साडेपाच किलो असे वाटप केले, तर वेळा येतात ७६, ७६ आणि ७९ मिनिटे. सामान तेवढेच, पण सगळ्यांचा प्रवास दहा मिनिटांनी लवकर संपतो.

धाकट्याने मात्र "मी काय लहान आहे का?" म्हणून तक्रार केली. त्याला पंप आणि पंक्चरचे साहित्य दिले. अर्धा किलोने हिशेब बिघडत नाही.

गिअर नसलेल्या साध्या सायकलची अडचण वेगळी. पॅडलच्या एका फेऱ्यात ती सव्वापाच-साडेपाच मीटर जाते. ताशी आठ किलोमीटर वेगाला मिनिटाला पंचवीसेक फेरेच होतात. थोरल्याला तेवढ्यातून १४० वॉट काढायचे, तर पॅडल आडवे असताना जवळजवळ सारे अंग त्यावर टाकावे लागते. शक्ती असूनही लोक उतरून सायकल ढकलतात ते याचमुळे. लहान गिअरमध्ये काम तेवढेच राहते, फेरे वाढतात आणि दर फेऱ्याला लागणारा जोर घटतो.

उतरताना ओझ्याचा भार ब्रेकवर येतो. १०८ किलो वजन ५०० मीटर खाली येताना सुमारे ५ लाख ३० हजार ज्यूल ऊर्जा सुटते. ताशी २० किलोमीटरने अर्ध्या तासात उतरल्यास तिचा निम्म्याहून थोडा अधिक भाग ब्रेक आणि रिममध्ये उष्णता होऊन जातो. म्हणून सर्वांत चांगले ब्रेक थोरल्याच्या सायकलला हवेत, सामान मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना खाली बांधावे आणि वाटेत थांबून रिम निवू द्यावी.

आता शक्तीचे मोजमाप. हा प्रयोग आठवी-नववीच्या सहलीतही जमेल. पन्हाळा किंवा जोतिबासारख्या डोंगराची पायवाट निवडावी. चढाची उंची नकाशातील समोच्च रेषांवरून काढावी, टिकेल अशा चालीने चढावे आणि वेळ नोंदवावी. मुलगी आहे, लहान आहे म्हणून आकडा अंदाजाने धरू नये. ४४ किलोच्या मुलाने २०० मीटरचा चढ १८ मिनिटांत पार केला, तर ४४ × ९.८ × २०० भागिले १०८०, म्हणजे ८० वॉट. शाळेच्या जिन्यावर धावत हाच मुलगा काही सेकंदांपुरती याच्या दुप्पट-तिप्पट शक्ती दाखवील. तो आकडा घाटाच्या हिशेबात घेऊ नये.