गर्भ पडला, दोष कुणाचा?

डोंबिवलीहून एक सासूबाई सुनेला घेऊन माझ्याकडे आल्या. सुनेचा दुसऱ्यांदा नवव्या आठवड्यात गर्भपात झाला होता. "डॉक्टर, हिला किती सांगितलं, ठाण्याची नोकरी सोड, लोकलची दगदग नको. ऐकलं नाही," सासूबाई म्हणाल्या. सून मान खाली घालून बसली होती.

मी विचारले, "क्युरेटिंगच्या वेळी निघालेला भाग तपासला का?" त्यांनी कागद दिला. 'गर्भाचा अंश आढळला', एवढेच त्यात होते. नमुना फॉर्मेलिनमध्ये ठेवल्याने पुढची तपासणी करता येत नव्हती. गर्भ का पडला, याचे उत्तर त्या बाटलीत मिळू शकले असते.

माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. २३ आईकडून, २३ वडिलांकडून. बीज तयार होताना कधी वाटणी चुकते आणि गर्भात एखादे गुणसूत्र जास्त किंवा कमी येते. उदाहरणार्थ, सोळाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती आल्या, तर तो गर्भ वाढूच शकत नाही. पहिल्या तीन महिन्यांतल्या सुमारे निम्म्या गर्भपातांमागे अशीच काहीतरी चूक असते. बहुतेक वेळा ती योगायोगाने घडते. आईच्या वयाबरोबर तिची शक्यता वाढते. पपई खाल्ल्याने, बादली उचलल्याने किंवा लोकलने गेल्याने ती होत नाही.

पहिल्याच गर्भपातानंतर ही तपासणी सहसा लागत नाही. दोन किंवा अधिक वेळा असे झाले, तर मात्र डॉक्टरांशी जरूर बोलावे, आणि तेही पिशवी साफ करण्यापूर्वी. पेशी वाढवून गुणसूत्रे पाहायची तर त्या जिवंत लागतात. म्हणून नमुना निर्जंतुक बाटलीत, सलाईनमध्ये ठेवतात आणि न गोठवता लवकरात लवकर प्रयोगशाळेत पोचवतात. मायक्रोअ‍ॅरेसारख्या नव्या पद्धतींना जिवंत पेशी लागत नाहीत. पण फॉर्मेलिनने डीएनए खराब होतो, म्हणून त्यांनाही सलाईनमधलाच नमुना बरा. पेशी वाढवायच्या पद्धतीत अहवालाला दोन-तीन आठवडे लागू शकतात. खर्च आधीच विचारून घ्यावा.

एक सावधगिरी. नमुन्यात आईच्या पेशी मिसळल्या, तर अहवाल गर्भाचा नसून आईचाच येऊ शकतो. त्यासाठी काही प्रयोगशाळा आईचे रक्तही ताडून पाहतात.

अहवालात एखादे गुणसूत्र जास्त किंवा कमी निघाले, तर पुढच्या वेळी सर्व ठीक होण्याची आशा बहुतेक जोडप्यांना चांगली असते. गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्याला जोडलेला दिसला, तर नवरा-बायको दोघांचेही रक्त तपासावे. हा बदल नवऱ्याकडूनही येतो. गुणसूत्रे निर्दोष निघाली, तर थायरॉइड, मधुमेह, गर्भाशयाची रचना आणि रक्त गोठण्याचे विकार यांकडे पाहावे लागते.

सासूबाईंना मी सांगितले, "गुणसूत्रांची चूक असेल तर ती गर्भ राहतानाच झालेली असते. लोकलचा प्रवास त्याच्या नंतरचा." त्या काही बोलल्या नाहीत, पण सुनेने प्रथमच मान वर केली आणि विचारले, "डॉक्टर, पुढच्या वेळी बाटली आम्ही मागायची का?" मी म्हटले, "तशी वेळ न येवो. आलीच, तर आधी मागायची."