शेत नसलेल्यांची शेतीशाळा

लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनची बोली लागते तेव्हा खरेदीदाराच्या मोबाइलवर आणखी एक आकडा उघडलेला असतो. तो असतो शिकागोचा. अमेरिकेतल्या या शहरात १८४८ साली धान्य व्यापाऱ्यांनी 'शिकागो बोर्ड ऑफ ट्रेड' स्थापन केलं आणि आज मका, गहू, सोयाबीन यांच्या भावासाठी जग तिकडे कान लावून बसतं. १८६५ ते १९७१ या काळात याच शहरात युनियन स्टॉक यार्ड नावाचा जनावरांचा अवाढव्य बाजारही होता. शेतमालावर इतकं मोठं झालेल्या या महानगराच्या हद्दीत शेती मात्र जवळजवळ संपली होती. नैर्ऋत्य टोकाला, माउंट ग्रीनवुड वस्तीत, शिक्षण मंडळाच्या मालकीचा आणि खंडाने कसायला दिलेला ७२ एकरांचा तुकडा तेवढा उरला होता. शहरातलं हे शेवटचं शेत. बाकीच्या जमिनीसारखी तिथेही घरं उठली असती. उठली ती शाळा, १९८५ साली.

'शिकागो हायस्कूल फॉर ॲग्रिकल्चरल सायन्सेस' हे तिचं लांबलचक नाव. शाळा सरकारी आहे, फी नाही, वर्ग नववी ते बारावी. मुलं साऱ्या शहरातून अर्ज करून येतात. त्यांतली बहुतेक कृष्णवर्णीय किंवा मेक्सिकन वंशाची. कुणी दोन बस बदलून येतं, कुणी पहाटेच घर सोडतं. यांच्यातल्या फार थोड्यांच्या घरी पाटीभर मातीपेक्षा जास्त जमीन असेल.

गंमत अशी, की अमेरिकेत शेतीशिक्षणाची जी पद्धत रुजली, तिचा सगळा डोलारा घरच्या शेतावर उभा होता. मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थॅम्प्टन गावात १९०८ मध्ये स्मिथ्स ॲग्रिकल्चरल स्कूल सुरू झालं. तिथले पहिले प्रमुख रुफस स्टिम्सन हे कनेक्टिकटच्या कृषी महाविद्यालयाचं अध्यक्षपद सोडून शाळेत आलेले गृहस्थ. त्यांचं म्हणणं साधं होतं. शाळेच्या शेतावर मुलगा राबला तर नफातोटा शाळेचा; त्याला त्याची झळ लागत नाही. मग त्याला वडिलांच्याच रानातला एक तुकडा, एखादी गाय किंवा खुराडं स्वतःच्या जबाबदारीवर द्यावं, खर्च आणि मजुरीचे तास त्यानेच वहीत लिहावेत आणि मास्तरांनी घरी जाऊन पीक पाहावं. यालाच 'होम प्रोजेक्ट' म्हणू लागले. बाप राजी नसेल तर यातलं काहीच होणार नव्हतं. त्यामुळे प्रकल्पाच्या करारात पालक पहिल्या दिवसापासून आले. शाळेत तास कसे घ्यावेत याइतकाच शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून त्याला कसं पटवावं, हा मास्तरांच्या कामाचा भाग झाला.

राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी २३ फेब्रुवारी १९१७ रोजी स्मिथ-ह्यूज कायद्यावर सही केली तेव्हा ही कल्पना देशभर गेली. शेतीच्या विद्यार्थ्याला वर्षातले किमान सहा महिने देखरेखीखाली प्रत्यक्ष काम मिळालंच पाहिजे, अशी अट कायद्यातच घातली गेली. ते काम शाळेच्या शेतावर करा किंवा दुसऱ्या कुणाच्या.

शिकागोत हे कसं चालवायचं? वडील बस चालवतात, आई इस्पितळात पाळी करते, घर तिसऱ्या मजल्यावर. आणि त्याहून अवघड गाठ मनातली. १९१६ ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय माणसं अमेरिकेच्या दक्षिणेतून उत्तरेकडच्या आणि पश्चिमेकडच्या शहरांत आली. मिसिसिपीतून आलेल्यांची तर शिकागो ही पंढरीच झाली. ही माणसं ज्यापासून पळाली त्यात दुसऱ्याच्या जमिनीवर अर्धेलीने कापूस पिकवणंही होतं, त्याच्यामागे गुलामगिरीची आठवणही. ज्या आजोबांनी कुदळ टाकून रेल्वे पकडली, त्यांच्या नातवाने कुदळ धरायची आणि तीही शाळेत नाव घालून, हे घरात सहज पचणारं नाही. आपल्याकडे 'आम्ही मातीत गेलो, पोरगं तरी सुटू दे' म्हणणाऱ्या कोणत्याही शेतकरी बापाला ही अढी ओळखीची वाटेल.

शाळेने यावर काढलेला उपाय तिच्या अभ्यासक्रमातच दिसतो. सुरुवातीच्या वर्षांत सगळ्यांना सगळ्याची तोंडओळख, मग एक शाखा निवडायची: पशुविज्ञान, अन्नविज्ञान, फलोत्पादन, कृषी-यंत्रं, कृषी-वित्त, कृषी-शिक्षण. म्हणजे नांगराच्या मागे चालण्यापलीकडेही शेतीत पोट भरतं, हे पालकांना दाखवता येतं. वित्त शाखेतल्या मुलाचं भविष्य शहराच्या मध्यभागी वायदेबाजारात असू शकतं, पशुविज्ञानातल्या मुलीचं जनावरांच्या दवाखान्यात. नेहमीचं गणित, इंग्रजी, इतिहास आहेच. त्यातून सुटका कुणाचीच नाही.

दिवसाचा उरलेला भाग मात्र नेहमीच्या शाळेसारखा नाही. गाय म्हणजे दुधाच्या डब्यावरचं चित्र, एवढीच ओळख असलेलं पोर गोठ्यात उभं राहतं तेव्हा पहिला धडा असतो पाय कुठे ठेवायचे याचा. गाईला दोन्ही बाजूंचं बरंच दिसतं, पण नेमकं पाठीमागचं दिसत नाही. म्हणून थेट मागून जायचं नाही. खांद्याच्या बाजूने, तिला दिसेल असं, हळू आवाज देत जायचं. हात आधी खांद्यावर. दोनचार दिवसांत वासाची तक्रार बंद होते, आठवड्याभरात गाईंच्या स्वभावावर मतं तयार होतात. इकडे यंत्रशाळेत जोडकामाच्या ठिणग्या उडत असतात, तिकडे अन्नविज्ञानाच्या स्वयंपाकघरात शेतातली भाजी बरणीत जाते. तिच्यावर लेबल काय लावायचं आणि ती किती दिवस टिकेल, यावर वाद झडतात.

जनावराला रविवार कळत नाही. नाताळ असो वा थँक्सगिव्हिंग, चारा-पाणी चुकत नाही. शिकागोचा जानेवारी म्हणजे पारा शून्याच्या कितीतरी खाली. पाण्याच्या कुंडावरचा बर्फ फोडल्याशिवाय जनावरं पिणार कशी? सुट्टीच्या दिवशी पाळी लागलेल्या मुलाला भल्या सकाळी शहराच्या दुसऱ्या टोकावरून आणून सोडायचं, त्याचं होईपर्यंत गाडीत काचा लावून बसायचं आणि शेणाच्या बुटांसकट परत न्यायचं, हे काम अर्थातच घरच्यांकडे येतं. पालकसहभागावर परिसंवाद घेणाऱ्यांनी ही गाडीतली बैठक हिशेबात धरायला हवी.

स्टिम्सन यांचा होम प्रोजेक्ट आता 'देखरेखीखालील कृषी अनुभव' अशा भारदस्त नावाने चालतो, पण हाडं तीच. प्रत्येकाने शाळेबाहेर काहीतरी करून दाखवायचं: फुलांच्या दुकानात काम, पशुवैद्याकडे उमेदवारी, एखादा प्रयोग किंवा स्वतःचा छोटा धंदा. करारावर विद्यार्थी, पालक, शिक्षक आणि काम देणारा यांच्या सह्या. समजा एका मुलीने परसात सहा कोंबड्या पाळल्या. शिकागोत घरी कोंबड्या पाळायला बंदी नाही. तिच्या वहीत खाद्याचं पोतं चढतं, भुसा चढतो, खुराड्याचं लाकूड चढतं. विकलेली अंडी जमेला. पण आईने केकसाठी चार अंडी उचलली तर? तीही बाजारभावाने जमेला धरायची, घरी वापरली म्हणून सोडून द्यायची नाहीत. धाकट्या भावाने खुराडं झाडलं तर त्याचे तासही लिहायचे. मग स्वयंपाकघरातून हाक येते, 'चार घेतलीत गं, लिहून ठेव.' शेतकऱ्याच्या घरातला कधीच न मांडला जाणारा हिशेब, घरच्या माणसांची मजुरी आणि घरी खाल्लेला माल, इथे पंधरा वर्षांची मुलगी मांडते. आपल्या हमीभावाच्या वादातही घाम नेमका याच रकान्यावर गाळला जातो.

शाळेच्या जगण्यातला आणखी एक मोठा भाग म्हणजे एफएफए. १९२८ मध्ये कॅन्सस सिटीत 'फ्युचर फार्मर्स ऑफ अमेरिका' म्हणून सुरू झालेली ही विद्यार्थी संघटना. १९३३ मध्ये ओहायोतल्या फ्रेडरिकटाउनची मुलं निळ्या कॉर्डरॉयची जाकिटं घालून अधिवेशनाला आली आणि तोच साऱ्या देशाचा गणवेश ठरला. पाठीवर राज्याचं आणि शाखेचं नाव, छातीवर स्वतःचं, सोनेरी दोऱ्याने भरलेलं. चेन गळ्यापर्यंत ओढलेली. सभा सुरू होताना प्रत्येक पदाधिकारी आपापल्या चिन्हापाशी उभा राहतो: अध्यक्ष उगवत्या सूर्यापाशी, उपाध्यक्ष नांगरापाशी, चिटणीस मक्याच्या कणसापाशी, मार्गदर्शक शिक्षक घुबडापाशी. आपल्याला घुबड पाहून दचकायला होईल. तिकडे ते शहाणपणाचं.

या जाकिटाला काळी बाजूही आहे. मुलींना संघटनेचं दार १९६९ पर्यंत अधिकृतपणे बंद होतं. वंशभेदाच्या काळात दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय मुलांसाठी १९३५ मध्ये 'न्यू फार्मर्स ऑफ अमेरिका' ही वेगळी संघटना निघाली होती, तिची जाकिटं काळी. १९६५ मध्ये ती एफएफएत विलीन झाली आणि एकत्र येण्याच्या नावाखाली तिचं नाव, रंग, पदं सगळं पुसलं गेलं. त्यानंतर २९ वर्षांनी, १९९४ मध्ये, राष्ट्रीय अध्यक्षपदावर पहिल्यांदा कृष्णवर्णीय विद्यार्थी निवडून आला. त्याचं नाव कोरी फ्लोर्नॉय, आणि तो याच शिकागोच्या शाळेत शिकलेला. शहरी शाळेतून त्या पदावर पोहोचलेलाही तो पहिलाच. संघटनेने १९८८ मध्ये आपल्या नावातून 'शेतकरी' काढून नुसतं एफएफए ठेवलं होतं. फ्लोर्नॉयच्या निवडीने तो बदल खरा ठरवला.

शेजाऱ्यांशी नातं जुळायला वेळ लागला. माउंट ग्रीनवुड ही मुख्यतः गोऱ्या, आयरिश वंशाच्या, शहराच्या पोलीस आणि अग्निशमन दलात नोकरी करणाऱ्या कुटुंबांची वस्ती. तिथे रोज बसमधून शेकडो कृष्णवर्णीय मुलं उतरू लागली तेव्हा सुरुवातीच्या काळात तणाव झाले. आज शाळेच्या विक्रीकेंद्रावर शेतातला मका आणि भाज्या विकायला मुलंच बसतात, घ्यायला आसपासची घरं येतात. शेतमालाने सगळं मिटलं असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. पण गिऱ्हाईक म्हणून आलेला माणूस मुलाशी बोलल्याशिवाय मका घेऊ शकत नाही, एवढं खरं.

शिकागो एकटं नाही. फिलाडेल्फियात १९४३ पासून चाललेलं वॉल्टर बिडल सॉल हायस्कूलही शहरातलंच, सुमारे १३० एकरांचं, दुभत्या गाईंसह. तिथे स्थानिक सहकारी भांडाराच्या साथीने शेतमालाचं सभासदत्व चालतं: लोक हंगामाचे पैसे आधी भरतात आणि दर आठवड्याला भाजी नेतात.

शेतकरी घडवणारी संस्था म्हणून मोजमाप केलं तर शिकागोची शाळा नापासच म्हणावी लागेल. इथून बाहेर पडणारे फार थोडे शेत कसतात. जमीन आणणार कुठून? पुढे कुणी कृषी महाविद्यालयात जातं, कुणी अन्नप्रक्रियेत, कुणी पशुवैद्यक शिकतं, अनेकांचा शेतीशी संबंध उरतही नाही. पण ज्या देशात शेतावर राहणारे लोक शंभरात दोनही नाहीत, तिथे उरलेल्या अठ्ठ्याण्णवांपैकी काहींना चाऱ्याचा भाव आणि गाईची नजर ठाऊक असणं हे कमी नाही. शाळा पास ठरते ती या मापाने.

आपल्याकडे या विचाराचा सगळ्यात जवळचा नातेवाईक पाबळला भेटतो. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी अन्नतंत्रज्ञानातली पीएचडी इलिनॉयमध्येच केली, म्हणजे शिकागो ज्या राज्यात आहे तिथे. हिंदुस्थान लीव्हरमधलं संशोधन सोडून १९८३ मध्ये ते शिरूर तालुक्यातल्या या दुष्काळी गावात आले आणि विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेल्या आयबीटी ('इंट्रोडक्शन टू बेसिक टेक्नॉलॉजी') कार्यक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस शेती-पशुपालन, अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण आणि गृह-आरोग्य यांत हाताने काम करतात. कामं गावाला खरोखर लागणारी, आणि त्यांचा खर्च मांडायचा तो मुलांनीच.

महाराष्ट्रातल्या खेड्यांतल्या शाळांकडे शिकागोकडे नसलेली एक गोष्ट आजही आहे: मुलांच्या घरी जमीन आहे, निदान शेळी तरी आहे. ७२ एकर मागायची गरज नाही. नववीच्या एका तुकडीपासून सुरू करता येईल. जूनमध्ये प्रत्येकाला एक वही, वहीच्या पहिल्या पानावर आईची किंवा वडिलांची सही, घरचा एक वाफा किंवा एक जनावर मुलाच्या नावावर. आणि एक अट सोडू नये: सुट्टीतही घरोघर जाऊन ती वही तपासणाऱ्या शिक्षकाला त्या कामाचा पगार मिळाला पाहिजे. स्टिम्सन यांच्या योजनेत कृषी शिक्षकाची नेमणूक बारा महिन्यांची असे, कारण पीक ऐन जोरात येतं ते शाळेच्या सुट्टीत.